मोबदला ठरवतो कोण? विकेंद्रित समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी

‘माझ्या लेखाला दीडशे मते पडली आणि मिळाले तीन सेंट. शेजारच्या लेखाला चारच मते, तरी त्याच्या नावापुढे वीस डॉलर. हा कुठला न्याय?’ हाइव्ह, स्टीमिट यांसारख्या माध्यमांवर नव्याने लिहू लागलेले वाचक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. त्याच्या मागोमाग दुसरा येतो: ‘दहा डॉलर दिसत होते, हातात अडीचच कसे आले?’ आणि तिसरा: ‘कोण कुठला माणूस येऊन माझे पैसे कमी करून गेला. तक्रार कुठे करू?’

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. या माध्यमांवर लेखाला किंमत लावली जात नाही. एका सामाईक निधीची वाटणी होते आणि ती टोकनच्या वजनावर होते. हे ध्यानात घेतले, तर तिथे किती वेळ घालवायचा, पैसा घालायचा की नाही आणि काय पाहून बाहेर पडायचे, हे तुम्हाला ठरवता येईल. उदाहरण म्हणून पुढे मुख्यतः हाइव्हचे नियम घेतले आहेत, कारण ही पद्धत तिथे उघड आहे.

पैसे येतात कुठून?

स्टीमिट ज्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) चालते, ती स्टीम मार्च २०१६ मध्ये नेड स्कॉट आणि डॅन लारिमर यांनी सुरू केली. मार्च २०२० मध्ये तिच्यातून फुटून हाइव्ह निघाली. दोन्हीकडे लेखांचा मोबदला जाहिरातदार देत नाहीत. साखळी सतत नवी टोकन तयार करते आणि त्यांतून मोबदला वाटते. हाइव्हवरच्या नव्या टोकनांची विभागणी अशी:

- ६५ टक्के: लेखक आणि मत देणारे यांच्यासाठीचा मोबदला-निधी
- १५ टक्के: टोकन गुंतवून ठेवणाऱ्यांना
- १० टक्के: साखळी चालवणाऱ्या ‘विटनेस’ मंडळींना
- १० टक्के: विकासकामांच्या निधीला

निधी ठरावीक असल्याने एकाच्या लेखावर पडलेले मत बाकी सगळ्यांच्या वाट्यातून थोडे थोडे कापते. म्हणूनच तिथे ‘तुला मिळाले तर माझे काय गेले?’ असे कोणी म्हणत नाही. प्रत्येकाचे थोडे जातेच.

दीडशे मते, तीन सेंट: असे का होते?

ग्रामसभेत डोक्यागणिक एक मत असते, कंपनीच्या सभेत शेअरगणिक एक. ही माध्यमे दिसतात ग्रामसभेसारखी, चालतात मात्र कंपनीच्या सभेसारखी. तुमच्या मताचे वजन तुम्ही गुंतवलेल्या टोकनांवर, म्हणजे ‘हाइव्ह पॉवर’वर अवलंबून असते. दीडशे नवख्यांची मते मिळून जेवढी भरतात, त्याहून एका ‘व्हेल’चे, म्हणजे बड्या टोकनधारकाचे, मत जड असू शकते.

यात गुणवत्तेला जागाच नाही असे नाही. ती जड मत असलेल्या माणसाच्या नजरेतून जाते, एवढेच. त्याला तुमची भाषा येत नसेल, तुमचा विषय आवडत नसेल किंवा त्याने ठरावीक वीस लेखकांना आपोआप मत जाईल अशी सोय लावून ठेवली असेल, तर तुमचा लेख त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

‘मग एका माणसाला एक मत का देत नाहीत?’ असे तुम्ही विचाराल. कारण खाती कितीही उघडता येतात. खातेगणिक मत ठेवले, तर एकच माणूस हजार खाती काढून निधी उपसेल. टोकनगणिक मत ठेवले, तर श्रीमंताचे पारडे जड राहते. यांपैकी एक दोष पत्करल्याशिवाय अशी पद्धत उभी राहत नाही, आणि हाइव्हने दुसरा पत्करला आहे.

तो दोष किती तीव्र असावा हे मात्र नियमांवर ठरते. सुरुवातीला स्टीमवर वजनाच्या वर्गाप्रमाणे मोबदला मिळे: दहापट वजन, तर शंभरपट रक्कम. जून २०१७ मध्ये हे प्रमाण सरळ केले गेले. त्यामुळे लहान मतांनाही किंमत आली, पण त्याबरोबर स्वतःलाच मत देणे आणि पैसे घेऊन मत विकणारे ‘बिड-बॉट’ बोकाळले. ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बदल झाला. मत देणाऱ्यांचा वाटा २५ वरून ५० टक्के केला गेला, म्हणजे चांगले लेखन शोधून मत देणे हे मत विकण्याइतकेच फायद्याचे व्हावे. शिवाय उलट मतासाठी, ‘डाऊनव्होट’साठी, वेगळी फुकट शक्ती दिली गेली. तेव्हा कुणी ‘आमची पद्धत न्याय्य आहे’ असे म्हटले, तर नियम कोणत्या गैरप्रकाराला आळा घालतो आणि कोणत्याला वाव देतो, हे विचारा.

दहा डॉलर दिसतात, हातात अडीच येतात

लेखाखाली दिसणारा आकडा सात दिवस हलता असतो. टोकनचा भाव, निधीतली स्पर्धा आणि उलट मते यांनुसार तो वर-खाली होतो. सातव्या दिवशी दहा डॉलर राहिले असतील, तर हिशेब साधारण असा:

१. पाच डॉलर मत देणाऱ्यांना जातात.
२. उरलेले पाच तुमचे. तुम्ही वापरलेल्या अ‍ॅपने किंवा तुम्ही स्वतः त्यात कुणाला ‘बेनिफिशियरी’ नेमले असेल, तर त्याचा हिस्सा आधी वजा होतो.
३. राहिलेल्यातला अर्धा भाग, म्हणजे अडीच डॉलर, ‘एचबीडी’ या डॉलरशी भाव बांधलेल्या टोकनमध्ये मिळतो. हा लगेच वापरता येतो.
४. दुसरा अर्धा हाइव्ह पॉवर म्हणून अडकतो. तो सोडवायचा तर १३ आठवड्यांत, आठवड्याला एक हप्ता, असा बाहेर येतो.

दोन सेंटपेक्षा कमी रक्कम जमली, तर काहीच मिळत नाही. लहान लेखकाची बरीच कमाई या उंबरठ्यावरच अडते. म्हणून रोज चार तुकडे टाकण्यापेक्षा आठवड्याला एक नीट लेख टाकणे हिशेबाने बरे पडते.

खाते उघडण्याआधी विचारायचे प्रश्न

कोणत्याही मोबदला देणाऱ्या विकेंद्रित माध्यमाला हे प्रश्न लावून पाहा. उत्तरे सापडत नसतील, तर तेही एक उत्तरच समजा.

- पैसा कुठून येतो? जाहिरातीतून, वाचकांच्या वर्गणीतून, की नव्या टोकनांतून? नव्या टोकनांतून येत असेल, तर कुणी ती विकत घेत राहील तोवरच त्यांना भाव राहतो.
- पहिली टोकन कुणाला मिळाली? स्टीमवर आरंभीच फार मोठा साठा स्टीमिट कंपनीच्या हाती गेला. पुढच्या सगळ्या भांडणांचे मूळ तिथे आहे.
- नियम कोण बदलू शकतो? हाइव्हवर टोकनधारक विटनेस निवडतात आणि पहिले वीस विटनेस बदल मान्य करतात. इतरत्र एखादी कंपनी एका घोषणेत योजना गुंडाळू शकते. रेडिटने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपली ‘कम्युनिटी पॉइंट्स’ योजना बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या टोकनांचे भाव कोसळले.
- हिशेब उघड आहे का? कुणी कुणाला किती वजनाचे मत दिले हे तुम्हाला पाहता यायला हवे.
- बाहेर पडायला किती दिवस लागतात? अडकलेली रक्कम आणि तिची मुदत आधी वाचा.

मॅस्टोडॉन, ब्लूस्काय ही माध्यमे लेखाला टोकनमध्ये मोबदला देत नाहीत. तुम्हाला नुसती वाचकांशी गाठ हवी असेल, तर मोबदल्याच्या भानगडीत न पडता तिथे जाणे हा सरळ मार्ग आहे.

तुमच्यापुढचे पर्याय

१. फक्त लिहा, पैसा घालू नका. बहुतेकांसाठी हाच योग्य मार्ग. जे मिळेल ते वरकड समजा.

२. मिळालेली टोकन गुंतवून ठेवा. मताचे वजन हळूहळू वाढते, पण रक्कम भावाच्या चढउताराला बांधली जाते. वर्ष-दीड वर्ष तिथे राहायचे असेल तरच हे करा.

३. पॉवर दुसऱ्याला वापरायला द्या. याला ‘डेलिगेशन’ म्हणतात. मालकी तुमचीच राहते. परत मागितल्यावर पॉवर पाच दिवसांनी मोकळी होते. बदल्यात काही खाती तुमच्या लेखांना मते देतात. इथे लेखन मागे पडून मतांचा व्यवहार सुरू होतो, हे ओळखून मगच शिरा.

४. पैसे घालून टोकन विकत घ्या. ‘लेखाला जास्त मिळावे म्हणून’ हे करू नका. तुमचे स्वतःचे मत कितीही जड झाले, तरी दुसऱ्यांची मते त्याने येत नाहीत. ही सट्ट्याकडे झुकणारी गुंतवणूक आहे आणि तिला गुंतवणुकीचेच निकष लावा.

५. मोबदला नाकारा. लेख टाकतानाच ही निवड करता येते. शोकलेख, मदतीचे आवाहन, वादाचा विषय अशा वेळी ती शोभून दिसते आणि पैशावरून पडणारी उलट मतेही टळतात.

सुरुवात कशी कराल?

१. पीकडी, इसेन्सी यांसारख्या अ‍ॅपवरून खाते काढा. खाते थेट साखळीकडून घेतल्यास ३ हाइव्ह शुल्क पडते. काही अ‍ॅप ते फुकट काढून देतात.
२. किल्ल्या उतरवून ठेवा. ‘पोस्टिंग’ किल्ली लिहिण्यासाठी, ‘अ‍ॅक्टिव्ह’ पैशांसाठी आणि ‘ओनर’ खात्याच्या मालकीसाठी. रोज फक्त पोस्टिंग किल्ली वापरा. बाकीच्या कागदावर, दोन ठिकाणी.
३. पहिला लेख स्वतःची ओळख करून देणारा लिहा आणि विषयाला साजेशा समुदायात टाका.
४. पहिला महिना लेखांइतकाच वेळ प्रतिक्रियांना द्या. जड मते असलेले लोक अनोळखी लेखापेक्षा ओळखीच्या माणसाकडे आधी वळतात.
५. मराठीत लिहीत असाल, तर मत देणाऱ्या बहुतेकांना ते वाचता येणार नाही, हे गृहीत धरा. व्हेनेझुएलाचे अनेक लेखक हाइव्हवर स्पॅनिश मजकुरासोबत इंग्रजी मजकूर देतात. तुम्हीही मराठी लेखाखाली इंग्रजीत चार-पाच ओळींचा सारांश देऊ शकता.
६. मते जपून द्या. पूर्ण वजनाचे एक मत तुमच्या शक्तीतले सुमारे २ टक्के खर्च करते आणि दिवसाला २० टक्के भरून येतात. म्हणजे दिवसाला दहा पूर्ण मते. लेख निघाल्यापासून पहिल्या २४ तासांत मत दिले, तर तुमचा वाटा पूर्ण मिळतो. पुढे तो घटत जातो.

उलट मत आले तर

डाऊनव्होटने तुमच्या लेखाचा न मिळालेला मोबदला कमी होतो. लेख जात नाही आणि आधी खात्यात आलेले पैसेही जात नाहीत. कापलेली रक्कम उलट मत देणाऱ्याच्या खिशात जात नाही. ती निधीत परत जाऊन सगळ्यांत वाटली जाते. एवढे कळले की निम्मा संताप ओसरतो. मग असे करा:

- कारण शोधा. उचललेला मजकूर, यंत्राकडून लिहून घेतलेला लेख, एकच लेख दोनदा टाकणे ही नेहमीची कारणे. ‘या लेखाला इतकी रक्कम जास्त आहे’ हेही तिथे ग्राह्य कारण मानले जाते.
- सभ्यपणे विचारा. प्रतिक्रियेत एकदाच. पुराव्यासाठी मूळ मसुदा, छायाचित्राची मूळ प्रत दाखवा.
- सूड म्हणून उलट मत देऊ नका. समोरच्याचे वजन तुमच्या शेकडोपट असू शकते.
- मागे लागलेच, तर काही दिवस मोबदला नाकारून लिहा किंवा समुदायातल्या जाणत्यांना मध्यस्थी करायला सांगा.

या उपायांनंतरही अन्याय झालाच, तर अपील करायला वरचे कार्यालय नाही. या पद्धतीची ही खरी उणीव आहे आणि ती धरूनच तिथे जायला हवे.

इथे लोक फसतात

- किल्ली हरवणे. ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण नाही. ओनर किल्ली चोराने बदलली, तर ३० दिवसांच्या आत, जुनी किल्ली आणि त्यासाठी आधीच नेमलेले ‘रिकव्हरी’ खाते यांच्या मदतीनेच खाते परत मिळवता येते.
- ‘तुमचे बक्षीस घ्या’ असे दुवे. किल्ली मागणारे पान उघडले की बंद करा. पैसे गेलेच, तर भारतात १९३० या सायबर मदतक्रमांकावर लगेच कळवा.
- मेमो विसरणे. एक्स्चेंजला, म्हणजे टोकन खरेदी-विक्रीच्या बाजाराला, टोकन पाठवताना त्यांनी दिलेला मेमो लिहिला नाही, तर रक्कम कुणाची हे त्यांना कळत नाही आणि ती अडकून पडते.
- पुसता न येणारा मजकूर. लेख बदलता येतो, पण जुनी आवृत्ती साखळीत राहते. मुलांचे फोटो, पत्ता, आजारपण, कार्यालयातले वाद तिथे लिहू नका.
- दुसऱ्याच्या लेखाचे भाषांतर. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच. परवानगी नसेल तर ते तुमचे लेखन नव्हे.
- सगळी टोकन एक्स्चेंजवर ठेवणे. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर झालेल्या चोरीत सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. विकायचे तेवढेच तिथे न्या.

तुमचे हक्क: कोणते आहेत, कोणते नाहीत

लेखनावर तुमचा हक्क राहतो. भारतात कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तो तुमच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो; साखळीवर लेख टाकल्याने तो आपोआप जात नाही. अ‍ॅपच्या अटी मात्र वाचा. कुणी लेख चोरला, तर तो दाखवणाऱ्या अ‍ॅपला आणि संकेतस्थळाला नोटीस देता येते. ते लेख दाखवणे थांबवू शकतात. साखळीतून तो काढू शकत नाहीत.

टोकनवर तुमचा ताबा किल्लीमुळे असतो. पण नियम बदलण्याइतकी मते जमली, तर तोही डळमळतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट ही कंपनी घेतली. कंपनीकडच्या मोठ्या साठ्याचा मतांसाठी वापर होईल या भीतीने विटनेसनी तो गोठवला. २ मार्चला बिनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजवर ग्राहकांनी ठेवलेली टोकन मतदानात वापरली गेली आणि विटनेस बदलले. २० मार्चला नाराज गट हाइव्ह घेऊन वेगळा झाला. नव्या साखळीत बहुतेकांना जुन्याइतकीच टोकन मिळाली, पण सन यांच्या बाजूने मतदान केलेल्या काही खात्यांना वगळण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात स्टीमवर साठाहून अधिक खात्यांतली सुमारे २ कोटी ३६ लाख टोकन काढून घेण्यात आली.

एकीकडे वगळणे, दुसरीकडे जप्ती. दोन्ही बाजूंनी आपण न्यायच करतो आहोत असे सांगितले. तुम्ही यातून तीन गोष्टी घ्या:

१. विटनेस निवडण्याचे तुमचे मत वापरा. प्रत्येक खात्याला ३० विटनेस निवडता येतात. बराच काळ काहीच केले नाही, तर ही मते रद्द होतात.
२. नियमबदलाच्या चर्चा वाचा. एक्स्चेंजने ग्राहकांची टोकन रातोरात मतदानाला लावू नयेत म्हणून हाइव्हने ऑक्टोबर २०२० मध्ये नियम केला: नव्याने गुंतवलेल्या टोकनांना अशा निवडीत ३० दिवसांनीच वजन मिळते. असे बदल चर्चेतूनच येतात.
३. भांडणात उडी घेण्याआधी हे लक्षात ठेवा: तुमचे मत कायमचे नोंदले जाते.

कराचे काय?

भारतात राहणाऱ्यांसाठी २०२२ पासून नियम कडक आहेत. टोकन विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर लागतो. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. तोटा दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस १ जुलै २०२२ पासून आहे.

लेखाचा मोबदला म्हणून आलेली टोकन ज्या दिवशी मिळाली त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नात धरण्याची पद्धत आहे. उदाहरण घेऊ:

- १०० टोकन मिळाली, भाव २० रुपये. उत्पन्नात २,००० रुपये धरले.
- पुढे ३० रुपयांनी विकली. नफा १,००० रुपये, त्यावर कर आणि उपकर मिळून ३१२ रुपये.
- १२ रुपयांनी विकली असती, तर ८०० रुपये तोटा. मिळालेल्या २,००० वरचा कर मात्र तसाच.

म्हणून मिळाल्याची तारीख, टोकनची संख्या आणि त्या दिवशीचा भाव अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवा. अडकलेली पॉवर कधी उत्पन्न धरायची हे सनदी लेखापालांना विचारून ठरवा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने कलमांचे जुने क्रमांक उपयोगी पडणार नाहीत. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी तिथल्या नियमांप्रमाणे चालावे.

शेवटी, ठरवायचे कसे?

सहा महिन्यांची मुदत घाला. त्या अखेरीस स्वतःला विचारा: मोबदला शून्य झाला तरी इथले वाचक आणि ओळखी मला हव्या आहेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल लिहीत राहा. पद्धतीतला अन्याय तुम्हाला सोसवेल. उत्तर ‘नाही’ असेल, तर पॉवर सोडवायचा पहिला हप्ता त्याच दिवशी सुरू करा. १३ आठवडे लागणारच आहेत, आणि तेवढ्या काळात टोकनचा भाव तुमच्यासाठी थांबून राहणार नाही.